गल्लीचे नाव कोणी ठेवले?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज आम्ही वस्तीच्या, गल्लीच्या नावाविषयी चार शब्द बोलणार आहोत. नाव म्हणजे पत्ता, त्यात काय एवढं, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांच्या पत्त्यातच जात होती. पाकिटावर 'महारवाडा' लिहिलं, की पोस्टमनपासून साहेबापर्यंत सगळ्यांना माणूस कळला! त्याचं शिक्षण, त्याची हुशारी नंतर. हे नाव आपण ठेवलेलं नव्हतं. ज्यांनी गावकुसाबाहेर बसवलं, त्यांनीच ते ठेवलं.

पुढे 'हरिजन' शब्द आला. शब्द गोड, पण तोही दुसऱ्यांनीच दिलेला. १९३८ साली मुंबई विधानसभेत तो कायद्यात घालण्याची वेळ आली, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह ते सभागृहाबाहेर पडले.

बाबासाहेबांनी स्वतः नावं कशी ठेवली, तेही पाहा. दादरच्या घराला 'राजगृह' : मगधाची जुनी राजधानी, जिथे पहिली धम्मसंगीती भरली. तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या कॉलेजला पुढे 'मिलिंद' नाव मिळालं, परिसर झाला 'नागसेनवन'. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारे भिक्खू, दोघेही विद्यार्थ्याच्या रोजच्या पत्त्यात आले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि हीच रीत वस्त्यांनी उचलली. कुठे बौद्धवाडा, कोकणात बौद्धवाडी, शहरांत भीमनगर, सिद्धार्थनगर, पंचशीलनगर. नावाची किंमतही मोजावी लागली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात आपल्या माणसांची घरं जळाली, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला!

आता अलीकडची गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. निर्णय स्वागतार्हच. पण बदलायच्या नावांत महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांच्याच ओळीत 'बौद्धवाडा' आहे. बौद्ध ही जात नव्हे. महारवाडा लादलेला होता, बौद्धवाडा आपण घेतलेला आहे. दोन्ही एका ओळीत बसत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, गाव तर 'बौद्धवाडा'ही जात म्हणूनच उच्चारतं. खरं आहे. उद्या 'भीमनगर'ही तसंच उच्चारील. नजर बदलली नाही तर नुसत्या पाटीने भागत नाही. पण म्हणून पाटी कोणी लिहायची, हा हक्क सोडून द्यायचा का?

तेव्हा आमची विनंती दोनच गोष्टींची. नाव बदलण्याचा ठराव ग्रामसभेत येवो की नगरपालिकेत, तिथे हजर राहा. महिलांनीही राहावं. नवं नाव हवं असेल तर ते आपल्या तोंडून जाऊ द्या, जुनं ठेवायचं असेल तर कारण लेखी द्या. आणि दुसरं, पाटी बदलण्याआधी आपल्या गल्लीचा इतिहास एका वहीत उतरवा : पहिली घरं कोणाची, पाणी कुठून आणायचे, नळ कधी आला, आधीचं नाव काय, नवं कोणी सुचवलं. म्हाताऱ्या माणसांपाशी आज बसलात तर हे मिळेल. ती वही विहारात ठेवा. म्हणजे उद्या आपल्या नातवंडांना पत्ता लिहिताना ते नाव कुठून आलं, हेही सांगता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!