दोन प्रेमिक, एक पावती



प्रेम आणि संशय एकत्र आले की काय गोंधळ उडतो, हे आपल्याला गोविंद बल्लाळ देवलांनी दाखवून ठेवले आहे. ‘संशयकल्लोळ’ या नाटकात रेवतीजवळची तसबीर फाल्गुनरावांची पत्नी कृत्तिका हिच्या हाती लागते आणि त्यांच्या संसारात वणवा पेटतो. पण देवलांच्या हाताशी संवाद होते, पदे होती. मूकपटाने हेच कसे साधले असेल?

बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ हा १९२४चा मूकपट पाहा. नायक सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारा गरीब पोरगा. गुप्तहेर व्हायचे त्याचे स्वप्न. प्रेयसीसाठी तो एक डॉलरची चॉकलेटे घेतो आणि खोक्यावरच्या किमतीतला एकचा आकडा बदलून चार करतो. किती साधी, माणसासारखी लबाडी! प्रतिस्पर्धी मात्र मुलीच्या वडिलांचे घड्याळ चोरून चार डॉलरला गहाण टाकतो, त्यातून तीन डॉलरचे खोके आणतो आणि गहाणाची पावती हळूच नायकाच्या खिशात सरकवतो. झडतीत पावती निघते, तिच्यावर चार डॉलर, खोक्यावरही चार डॉलर. प्रेमापायी केलेली एवढीशी बढाईच त्याला चोर ठरवते. पटकथेची अशी घट्ट वीण मी बोलपटांतही क्वचितच पाहिली आहे.

घराबाहेर काढलेला नायक प्रोजेक्टरपाशी झोपी जातो आणि स्वप्नात थेट पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो. तिथे तो जगातला सर्वांत मोठा गुप्तहेर असतो. हे प्रसंग आजही तंत्राचा चमत्कार म्हणून वाखाणले जातात. पण मला महत्त्वाचे वाटते ते बाहेर चाललेले काम. तो झोपलेला असताना ती मुलगी गहाणवटीच्या दुकानात जाते, घड्याळ कोणी ठेवले ते विचारते आणि काही क्षणांत खरा चोर शोधते. तपास तीच करते, निवडही तीच करते.

आपल्याकडे १९२९मध्ये ‘प्रपंच पाश’ हा मूकपट आला. दिग्दर्शक जर्मन फ्रांझ ऑस्टेन, निर्माते हिमांशू राय. पुढे १९३४मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी करणारे ते हेच राय. त्यातही दोन राजे, एक तरुणी आणि मध्ये जुगाराचे फासे. हत्ती, घोडे, राजवाडे, सगळे भव्य आहे. नायिका सीतादेवी पडद्यावर उजळून दिसतात. तरीही तिथे नायिकेचे भवितव्य पुरुषांच्या डावावर टांगलेले राहते. म्हणून कीटनचा पाऊण तासाचा विनोदी पट मला अधिक प्रौढ वाटतो.

आपल्याकडे मूकपट चालू असताना पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे आणि पाट्यांवरचा मजकूर वाचता येणारे इतरांना मोठ्याने वाचून दाखवत. म्हणून पनवेलच्या व्याख्यानमालेच्या संयोजकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी एक संध्याकाळ व्याख्यानाऐवजी ‘शेरलॉक ज्युनियर’ला द्या, आणि साथीला पनवेलचेच वादक बसवा.