घर विकताना सही जपून

आज घर विकण्याबद्दल बोलू या. घर घेताना आपण दहा जणांना विचारतो. विकायची वेळ येते तेव्हा मात्र बहुतेकदा घरात काहीतरी घडलेलं असतं, मन थाऱ्यावर नसतं, आणि नेमके तेव्हाच पुढ्यात कागद येतात. माझंही तसंच झालं.

आमचे हे गेले आणि तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर माझ्या गुडघ्यांना झेपेना. ते विकून तळमजल्यावर लहानसं घर घ्यायचं ठरवलं. एका एजंटाला बोलावलं. शेजारचं घर गेलं त्यापेक्षा पाच लाख जास्त भाव त्याने सांगितला. मी खूश! पण चार महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग तोच म्हणू लागला, "काकू, बाजार पडलाय, सहा लाख कमी करा." जास्त भाव सांगून घर हातात घ्यायचं आणि मग मालकाला थकवायचं, अशी ही रीत असते. म्हणून तीन एजंटांना भाव विचारा. आपल्याच इमारतीत शेवटचं घर केवढ्याला गेलं ते बघा. नोंदणी झालेल्या व्यवहाराची सूची दोन काढता येते, त्यात रक्कम लिहिलेली असते.

पुढे तो म्हणाला, "या वयात कशाला हेलपाटे मारता? मुखत्यारपत्र करून द्या, मी सगळं बघतो." मी सही करणारच होते. लेक म्हणाली, "आई, आधी वाच तरी." वाचलं, तर घर विकायचाच नाही, पैसे घ्यायचाही अधिकार त्यात त्याला दिलेला होता! मी कागद परत केला. बायांनो, एजंटाचं काम गिऱ्हाईक आणायचं. सही आपली आणि पैसे आपल्याच खात्यात. मूळ कागदही त्याच्याकडे ठेवू नका. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त दाखवण्यासाठी'.

दुसरा एजंट आला. त्याने भावाआधी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?" मी म्हटलं, "माझ्याच. सोसायटीत वारस म्हणून माझं नाव लावलंय." तो म्हणाला, "काकू, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे." मला हे ठाऊकच नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि हयात असली तर त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा असतो. लग्न झालेल्या लेकीचाही. मग सगळ्यांनी मिळून विक्रीच्या कागदावर सह्या करायच्या, नाहीतर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड पत्र नोंदवायचं. आम्ही तिघांनी मिळून सह्या केल्या.

दलालीचं आधी बोलून घ्या. आमच्याकडे एक ते दोन टक्के चालते. चाळीस लाखांच्या घराला एक टक्का म्हणजे 40 हजार, दोन टक्के म्हणजे 80 हजार. किती, कधी द्यायची आणि व्यवहार फिसकटला तर काय, हे कागदावर घ्या. मी दलाली खरेदीखत नोंदवल्यावरच दिली. इसाराची रक्कमही बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला!

आता खरी अडचण सांगते. गिऱ्हाईक ठरलं त्या रात्री मुलगा म्हणाला, "आई, पैसे माझ्या फ्लॅटच्या कर्जात भर, तू आमच्याकडेच राहा." मुलगा वाईट नाही, सूनबाईही प्रेमळ आहे. पण मला रात्रभर झोप लागली नाही. त्यांच्या घरात मी पाहुणी म्हणून राहणार, आणि उद्या काही बिनसलं तर जाणार कुठे? सकाळी चहा ठेवला आणि म्हटलं, "बाळा, पैसे माझ्या घरात जातील. माझ्यामागे ते तुमचंच आहे." दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरं बघायला स्वतःच आला.

नवीन घर एकट्या माझ्या नावावर घेतलं. आपल्या राज्यात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तीही मिळाली. एक मात्र पाळलं. राहायची जागा पक्की झाल्याशिवाय जुन्या घराचा ताबा दिला नाही.

जुनं घर सोडताना उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं, थोडी रडले. पण आता अंगणात तुळस आहे आणि जिना चढावा लागत नाही. मैत्रिणींनो, कागद पुढ्यात आला की आधी म्हणा, "वाचून उद्या सांगते." खरं गिऱ्हाईक एका दिवसाने पळून जात नाही.