फौजदारी खटल्याची वाटचाल आणि साक्षीदार



तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी अकराच्या सुमारास जी माणसे पुकाऱ्याची वाट पाहत उभी असतात, त्यांत आरोपी आणि फिर्यादी सहज ओळखू येतात. आरोपी आपल्या वकिलांच्या जवळ असतो. फिर्यादीभोवती त्याचे भाऊबंद असतात. या दोघांपासून थोडा दूर, हातात समन्सचा कागद धरून परतीच्या एसटीची चिंता करणारा एक तिसरा माणूस उभा असतो. तो साक्षीदार होय. त्याचे कोणाशी भांडण नसते आणि निकालातून त्याला काही मिळावयाचेही नसते. तरीही खटल्याचा भार अखेर बहुधा याच माणसावर येऊन पडतो. तो कसा, हे समजण्यासाठी खटल्याची वाटचाल आरंभापासून पाहिली पाहिजे.

एके काळी महसूल गोळा करणारा मामलेदारच दंडाधिकारी म्हणून शिक्षाही देत असे. मुंबई राज्याने १९५१ साली कायदा करून न्यायदान आणि कारभार यांची फारकत केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे तत्त्व व्यापक केले. ही संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्या तारखेस जे खटले प्रलंबित होते, ते मात्र जुन्या संहितेप्रमाणेच चालवावयाचे आहेत. तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी दावे ऐकणारे कनिष्ठ स्तर न्यायाधीशच सामान्यतः प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी खटलेही चालवितात. या नात्याने त्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड करता येतो. खून, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे ते सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात.

पोलीस ठाण्यातून न्यायालयाकडे

उदाहरणादाखल एक साधी घटना घेऊ. बांधाच्या वादातून दोन शेतकऱ्यांत झोंबाझोंबी झाली आणि एकाच्या हाताचे हाड मोडले. शेजारच्या शेतात पाणी धरणाऱ्या तिसऱ्या शेतकऱ्याने हे पाहिले. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने जबर दुखापत होय. हा गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिसांनी खबर नोंदविलीच पाहिजे. घटना कोणत्याही हद्दीतील असली तरी खबर घेता येते आणि तिची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

त्यानंतर तपास सुरू होतो. घटनास्थळाचा पंचनामा होतो, जखमेचे प्रमाणपत्र मिळविले जाते, मुद्देमाल असल्यास जप्त होतो आणि साक्षीदारांचे जबाब घेतले जातात. झडती आणि जप्ती यांचे दृकश्राव्य चित्रण करणे नव्या संहितेने आवश्यक केले आहे.

आरोपीला अटक झालीच पाहिजे, असा नियम नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सामान्यतः हजर राहण्याची नोटीस द्यावी, अटक केल्यास तिची कारणे नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात स्पष्ट केले. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. ही हमी संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने दिली आहे. जबर दुखापतीचा हा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे येथे जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. अजामीनपात्र गुन्ह्यांत जामीन द्यावा की नाही, हे न्यायालय ठरविते. आरोपी कोठडीत असता ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर त्याला जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होतो. ही मुदत सामान्यतः ६० दिवसांची आणि दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप वा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांत ९० दिवसांची आहे.

खटला कोणाचा?

दोषारोपपत्र दाखल झाले की खटल्याला नाव मिळते : ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक आरोपी. ज्याचा हात मोडला, त्याचे नाव या शीर्षकात नसते. गुन्हा हा एका माणसाविरुद्ध घडला तरी तो समाजाविरुद्ध घडला, असे कायदा मानतो. म्हणून खटला शासन चालविते आणि शासनाची बाजू सहायक सरकारी अभियोक्ता मांडतात. फिर्यादीही येथे एक साक्षीदारच असतो.

आरोपीला दोषारोपपत्राच्या आणि जबाबांच्या प्रती विनामूल्य दिल्या जातात. वकील करण्याची ऐपत नसेल, तर विधी सेवा समितीकडून तो विनामूल्य मिळतो. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर याविषयी मार्गदर्शन मिळते. आरोपावरील पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांच्या आत आरोप निश्चित करावा, असे नवी संहिता सांगते. आरोप वाचून दाखविल्यावर आरोपीला गुन्हा कबूल आहे काय, असे विचारले जाते. त्याने नाकारला, की तो सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वस्वी सरकार पक्षावर येते.

जबाब आणि साक्ष

याच ठिकाणी अनेकांचा मोठा गैरसमज असतो. पाणी धरणाऱ्या त्या शेतकऱ्याला वाटते की, आपण पोलिसांना जबाब दिला, आपले काम संपले. वस्तुस्थिती निराळी आहे. पोलिसांनी तपासात नोंदविलेला साक्षीदाराचा जबाब हा पुरावा नव्हे. त्यावर साक्षीदाराची सहीही घेतली जात नाही. साक्षीदाराने न्यायालयात वेगळे काही सांगितले, तर ती विसंगती दाखविण्यापुरताच त्याचा उपयोग होतो. पोलिसांपुढील कबुलीजबाबही आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर जे सांगितले जाते आणि आरोपीच्या वकिलांच्या प्रश्नांना जे टिकून राहते, तीच साक्ष.

म्हणून साक्ष तीन टप्प्यांनी होते. सरतपासात सरकारी अभियोक्ता घटनेची हकिकत विचारतात. उलटतपासात आरोपीचे वकील तिची पारख करतात. उजेड किती होता, अंतर किती होते, आरोपीशी पूर्वीचे वैर होते काय, असे प्रश्न येतात. हे प्रश्न साक्षीदाराच्या अपमानासाठी नसून निरपराध माणसास शिक्षा होऊ नये यासाठी असतात. गरज पडल्यास फेरतपास होतो. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असे सांगण्यात कमीपणा नाही. साक्षीची नोंद साक्षीदारास वाचून दाखविली जाते आणि चूक असल्यास त्याने ती तेथेच निदर्शनास आणावयाची असते.

एक वाया गेलेला दिवस

आता त्या तिसऱ्या माणसाची अडचण पाहू. घटनेनंतर वर्ष-दोन वर्षांनी त्याला समन्स येते. पेरणीचा दिवस मोडून तो तालुक्याला जातो आणि दुपारी त्याला पुढील तारीख मिळते. असे दोन-तीनदा घडले, की त्याचा उत्साह मावळतो. दरम्यान गावात कोणी त्याची समजूत घालतो, कोणी धाक घालतो. अखेर साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणतो, “मी काही पाहिले नाही.” सरकार पक्ष त्याला फितूर घोषित करतो. इतर पुरावा अपुरा असल्यास आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटतो आणि बांधावरचे वैर अधिकच पेटते.

या दुखण्यावर कायद्यात उपाय आहेत. साक्षीदार हजर असताना, विशेष कारणे लेखी नोंदविल्याशिवाय, त्याची साक्ष न घेता तहकुबी देऊ नये, असा स्पष्ट दंडक आहे. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत, हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठीही दोनहून अधिक तहकुब्या देऊ नयेत, असे नवी संहिता म्हणते. साक्षीदाराच्या वाजवी खर्चाचीही कायद्यात तरतूद आहे. त्याने भत्त्याची मागणी न संकोचता करावी. धमकी येत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करण्याची सोय झाली. नव्या संहितेने तर अशी योजना करणे प्रत्येक राज्य शासनास बंधनकारक केले आहे. समन्स मिळूनही गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते आणि न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, हेही साक्षीदाराने ध्यानात ठेवावे.

निकाल

सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेल्या पुराव्याबाबत प्रश्न विचारतात. यावेळी त्याला शपथ दिली जात नाही. त्यानंतर बचावाचा पुरावा आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होऊन निर्णय दिला जातो. जबर दुखापतीच्या या गुन्ह्यात जखमी व्यक्तीच्या इच्छेने, न्यायालयाच्या परवानगीने, तडजोडही होऊ शकते. शेजाऱ्यांना पुढेही एकाच बांधावर नांदावयाचे असते, याची ही कायद्याने ठेवलेली जाणीव आहे. आरोपी दोषी ठरल्यास दंडाच्या रकमेतून जखमीला भरपाई देता येते आणि दोषी व्यक्तीस सत्र न्यायालयात ३० दिवसांच्या आत अपील करता येते.

कायद्याने मुदती ठरविल्या, हक्क दिले आणि तहकुब्यांवर बंधने घातली. मात्र बांधावर त्या दिवशी काय घडले, हे कोणतीही संहिता सांगू शकत नाही. ते पाहिलेल्या माणसानेच सांगावे लागते. त्याने तारखेस येऊन निर्भयपणे सांगणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. तो आला असता त्याचा दिवस वाया न घालविणे हे पोलीस, वकील आणि न्यायालय या सर्वांचे त्याच्याप्रत असलेले कर्तव्य आहे. ही दोन्ही कर्तव्ये पाळली गेली, तरच तालुक्याच्या न्यायालयातून बाहेर पडणाऱ्या माणसास न्याय झाला असे वाटेल.