माळावरची काडी



कुंडलला आलं की स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारची, जी. डी. बापू लाडांची आठवण निघतेच. मी मात्र आज तुमच्याशी एका किड्याबद्दल बोलणार आहे.

माळावर एका वाळल्या काटेरी झुडपासमोर मी बसलो होतो. वारा पडला, फांद्या थांबल्या. एक काडी मात्र डुलतच राहिली. तो व्हायोलिन मँटिस होता. आपण ज्याला खंडोबाचा किडा म्हणतो, त्याच्याच गोतातला, पण सहसा नजरेला न पडणारा. लिनियसने 1758 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या कोरड्या झुडपांमध्ये हा राहतो. लांबी सुमारे 10 सेंटिमीटर, मान काडीसारखी बारीक, पायांना वाळक्या पानासारख्या झालरी. झुलत राहतो तोही वाऱ्यावर हलणारं पान वाटावं म्हणून.

मी पोटावर झोपून इंचाइंचाने पुढे सरकलो. कॅमेऱ्याचा फोकस त्याच्या डोळ्यांवर धरला. या कीटकांच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो. आपण जिकडे सरकू तिकडे तोही सरकतो, जणू आपल्यावरच नजर रोखलीय. खरं तर ती बुबुळं नव्हेत. आपल्या दिशेला वळलेली भिंगं प्रकाश शोषून घेतात, म्हणून तिथे काळं दिसतं.

एक दुखणं सांगतो. काही जण किडा थंड करून सुस्त करतात आणि हव्या त्या फुलावर ठेवून फोटो काढतात. मुलांनो, तसा फोटो देखणा येतो, पण तो खोटा असतो. जिवाला हात लावायचा नाही, फांदी मोडायची नाही.

दुसरं दुखणं माळाचं. त्याला आपण पडीक म्हणतो आणि उन्हाळ्यात पेटवून देतो. मँटिसची मादी काडीवर फेस सोडते, तो वाळून घट्ट होतो आणि आत अंडी राहतात. आगीत ती सगळी जातात. शेजारच्या सागरेश्वरला धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर झाडं उभी केली, 1985 मध्ये तिथे अभयारण्य झालं. त्या कामाला माझा नमस्कार आहे. तरीही प्रत्येक मोकळ्या माळावर खड्डे घेऊन रोपं लावू नका. थोडं गवत, थोडी काटेरी झुडपं तशीच राहू द्या.

तुमच्या शाळेने एक वही ठेवावी. किडा दिसला की फोटोसोबत तारीख, ठिकाण आणि झुडपाचं नाव त्यात लिहा. पहिलं पान भरलं की मला कळवा, मी पाहायला येईन.