एका इंजिनाला दोन भाते

(मोटार-दुरुस्ती शिकविणाऱ्या शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळावयास सुमारे १५ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तितके सोडता येईल. हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच जाते. तेव्हा शक्ती वाढवावयाची तर सिलिंडर मोठा करावा, नाहीतर आहे त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून भरावी. हा दुसरा मार्ग आपल्या लोहाराला पूर्वापार ठाऊक आहे. त्याचा भाता दुसरे काय करतो?

इंजिनाला असा भाता लावण्याच्या दोन रीती आहेत. सुपरचार्जर हा इंजिनानेच पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी फिरविलेला भाता होय. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेला पंखा आधी भट्ट्यांना वारा घालीत असे. तोच पुढे मोटारीत आला. इंजिनाबरोबर तो लगेच फिरतो, म्हणून हवा तत्काळ मिळते. पण भाता ओढताना लोहाराचा हात थकतो, तशी इंजिनाची शक्तीही येथे खर्ची पडते, आणि वेगाबरोबर हा खर्च वाढत जातो.

टर्बोचार्जरची तऱ्हा निराळी. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा आत दाबते. वाया जाणारी शक्ती कामी येते खरी. परंतु धुराला जोर येईपर्यंत चक्र सुस्तच राहते. डब्ल्यूडीएम-२ जातीची रेल्वे-इंजिने स्थानकातून निघताना काळाकुट्ट धूर सोडीत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेल वाढले, हवा मागे राहिली, त्याचा तो धूर.

मग दोन्ही एकत्र का जोडू नयेत? इटलीच्या लान्चिया कंपनीने डेल्टा एस-४ ह्या शर्यतीच्या मोटारीत ते केले. स्पर्धेच्या नियमानुसार असा भाता लावलेल्या इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणून वर्ग ठरविला जाई. म्हणून इंजिन १,७५९ घनसेंटिमीटरचे ठेवले. त्यातून साडेचारशेहून अधिक अश्वशक्ती काढली, तीही एक टनाहून हलक्या गाडीत. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधील आर.ए.सी. रॅली तिने पहिल्याच प्रयत्नात जिंकली. पुढील वर्षी २ मे रोजी कॉर्सिका बेटावर हीच गाडी रस्त्याबाहेर जाऊन पेटली. चालक हेन्री तोइव्होनेन आणि त्यांचे सहकारी सेर्जिओ क्रेस्टो दोघेही मृत्युमुखी पडले. अपघाताचे कारण निश्चित कळले नाही. दोष दोन भात्यांचा होता असे मी म्हणणार नाही. मात्र त्या वर्गाच्या गाड्या १९८७ पासून जागतिक स्पर्धेतून बाद झाल्या.

घरगुती मोटारीत ही जोडणी फोक्सवॅगनने २००५ साली गोल्फ जीटीमध्ये आणली. विद्यार्थ्यांची खरी अडचण येथेच येते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. हवा आधी सुपरचार्जरमधून व मग टर्बोतून जाते. एकाने दाबलेली हवा दुसरा आणखी दाबतो. मंद वेगात पायाने जोर मागितला की चुंबकीय क्लच सुपरचार्जरला जोडून घेतो. मिनिटाला सुमारे ३,५०० फेऱ्यांपुढे टर्बो एकटा समर्थ असतो. तेव्हा क्लच सुटतो, बाजूची झडप उघडते आणि हवा सुपरचार्जरला वगळून सरळ टर्बोकडे जाते. हा हवाला असा व्हावयास हवा की चालकाला धक्का जाणवू नये. १,३९० घनसेंटिमीटरच्या ह्या इंजिनाने १७० अश्वशक्ती दिली आणि २४० न्यूटन-मीटरची ओढ १,७५० फेऱ्यांपासूनच दिली. बिनभात्याच्या इंजिनाला एवढ्या ओढीसाठी सुमारे २.३ लिटरचे आकारमान लागले असते.

पण किंमत मोजावी लागतेच. दोन भाते, क्लच, झडप, दाबाने तापलेली हवा थंड करणारी जाळी, आणि हे सारे सोसणारे मजबूत पिस्टन. गावच्या कारागिराने हात कोठे घालावा? ह्या इंजिनाच्या पुढील काही आवृत्त्यांत वंगणतेल अधिक खर्च होत असल्याच्या तक्रारीही आल्या. त्याच कंपनीच्या पोलो जीटीआयमध्ये २०१५ साली दोन भात्यांचे १.४ लिटर इंजिन जाऊन एकट्या टर्बोचे १.८ लिटर इंजिन आले.

आपल्याकडे १,२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या मोटारीवर कर कमी आहे. म्हणून लहान इंजिन व टर्बो ही जोडी येथे रूढ झाली. दुसरा भाता मात्र सहसा कोणी लावीत नाही. संकरित मोटारीत पहिल्या फेऱ्यांची ओढ विजेची मोटार देते.

भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनात मात्र हे दोन्ही गुण एकाच यंत्रात नांदतात. धूर अशक्त असेपर्यंत त्याचा टर्बो दातेरी चाकांच्या मालिकेने इंजिनच फिरविते. धुराला बळ आले की मधला क्लच आपोआप सुटतो आणि चक्र धुराच्या जोरावर मोकळे धावू लागते. वर्गात दाखवावयाचा झाल्यास मी प्रथम त्याचाच नकाशा फळ्यावर काढीन.