लेकुरवाळी मुशी



शार्क म्हटला की माणसाला गिळणारा अजस्र जलचर डोळ्यांपुढे उभा राहतो. आम्ही आज ज्या शार्कविषयी बोलणार आहोत, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी खाल्लेला आहे. ती मुशी, चपट्या, फावड्यासारख्या नाकाची, फार तर पाऊण मीटर लांबीची. शास्त्रीय नाव स्कोलियोडॉन लॅटिकॉडस. ज्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले होते, त्यांना ती फॉर्मॅलिनच्या वासासकट आठवत असेल.

बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देण्याची किनाऱ्यावर जुनी रीत आहे. दूध खरोखर येते की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. पण मुशी स्वतःच बाळंतीण होते, ही गोष्ट सोळा आणे खरी. ती अंडी घालीत नाही. पोटातले तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, त्यात बलक जवळजवळ नाहीच. मग गर्भाने वाढावे कशावर? तो फार लवकर गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो, तेथे वार तयार होते आणि नाळेतून आईकडचे पोषण त्याला मिळू लागते. अगदी आपल्यासारखेच! माशांमध्ये ही व्यवस्था इतकी पूर्णत्वाला गेलेली क्वचितच सापडेल. पाच-सहा महिन्यांनी सहापासून अठरापर्यंत पिले जन्मतात. वीतभरही न भरणारी.

अडचण आहे ती येथेच. सुरमई लाखांनी अंडी सोडते. मुशीचा हिशेब डझनाचा. एक गाभण मादी जाळ्यात गेली की सबंध वेत गेले. ती वर्षा-दोन वर्षांत वयात येते, म्हणून अजून बाजारात दिसते. मोठ्या मोऱ्यांना तेवढीही सवड मिळाली नाही. पावसाळ्यातील मासेमारीबंदीने तिला थोडी उसंत मिळते खरी, पण तिला विणीचा ठरावीक हंगाम नाही. बाकीचे महिने डोल जाळी आणि ट्रॉलर आहेतच. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला धोक्याच्या उंबरठ्यावरील जातींत घातले आहे.

दोष एकट्या कोळ्यांचा नव्हे. जाळे काही मुशी निवडून धरीत नाही. आणि लहान मुशी कोवळी म्हणून मागणारे गिऱ्हाईक आम्हीच.

२०२२ साली पनामा येथे भरलेल्या साइट्स परिषदेत मुशीचे सारे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आले. पण तो नियम देशोदेशींच्या व्यापाराचा. आमची मुशी बंदरावर उतरते आणि बहुतेक जवळच्या बाजारातच खपते. कोळणीने पोट चिरले की कधी कधी आत नाळेसकट पिले दिसतात. त्या टोपलीपर्यंत पनामाचा नियम पोचत नाही.