मुलाने सेल गिळला तर



दुर्बिणीची तपासणी म्हटले की आपण घाबरतो. वस्तुतः मुलाला भूल देऊन तोंडावाटे बारीक नळी आत सोडतात. चिरफाड नाही, टाके नाहीत. पोटात उतरलेले नाणे बहुधा शौचावाटे पडते, म्हणून आपण केळी चारून वाट पाहतो. पण खेळण्यातला बटन सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून भाजू लागते. तेथे वाट पाहणे नाही, दुर्बिणीनेच तो काढावा लागतो. उलटी करवू नये. मूल वर्षाच्या वरचे असेल व त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा. मधासाठी खोळंबू मात्र नये. वाशीहून बार्शी किंवा सोलापूरकडे निघतानाच फोन करावा : लहान मुलांची दुर्बीण आत्ता होईल काय?